गंगव्वांची हाक

आज देवळात ओल्या विभूतीचा वास आला आणि सोलापुरातल्या आमच्या शेजारच्या, कपाळभर विभूती लावणाऱ्या गंगव्वा आठवल्या. आईच्या आजारपणात त्यांनीच मला भरवून वाढवले. मराठी खेड्यांत 'बा' म्हणजे बाप. त्यांच्या कानडीत 'बा' म्हणजे 'ये'.

अखेरच्या दिवशी खाटेवरून त्या माझ्याकडे पाहत क्षीण स्वरात 'बा, बा' म्हणत होत्या. मी सोवळ्यात, उंबऱ्याबाहेर उभा होतो.

"पंडित, अव्वा बोलावतीय की! आत ये," त्यांचा मुलगा म्हणाला.

"अनुष्ठान चालू आहे. संध्याकाळी सोवळे सोडून येतो."

"मरण थांबतंय व्हय तुझ्या सोवळ्यापायी?"

त्या हाकेचा अर्थ मला बालपणापासून ठाऊक होता. तरीही मी परतलो. दुपारी त्या गेल्या. माझे अनुष्ठान मात्र यथासांग पार पडले.