जपानी पाहुण्या आणि आमचा वरवंटा

जपानची संस्कृती आमच्या घरी चार दिवस राहिली आणि जाताना आमचा वरवंटा घेऊन गेली. पाटा जड होता म्हणून राहिला.

आमच्या कॉलेजात जपानी विद्यार्थ्यांचा एक गट आला होता. एकमेकांचा वारसा समजून घ्यायचा, असा कार्यक्रम होता. आधी त्यांनी आमच्या गावांत राहायचं, मग आमच्यातल्या एकाने त्यांच्याकडे जायचं. हारुका आणि आयुमी या दोघी आखाडा बाळापूरजवळच्या आमच्या गावी, आमच्याच घरी उतरल्या. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. इतिहासाच्या सरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "प्रज्ञा, जपानला कोण जाणार ते मी यावरूनच ठरवणार आहे. पाहुण्यांचं मन मोडायचं नाही." मी मान हलवली. (मान हलवणं हीच तोवर माझी मुख्य पात्रता होती.)

पहिल्या संध्याकाळी हारुकाने वाकून, दोन्ही हातांनी, आईला बिस्किटांचा एक देखणा डबा दिला. आता आमच्या गल्लीचा नियम असा, की कोणाचं भांडं घरात आलं तर ते रिकामं परत करायचं नाही. वाटीभर वरण आलं तर त्या वाटीतून निदान गुळाचा खडा तरी जातो. आईने बिस्किटं काढून घेतली, डब्यात तिळाचे लाडू भरले आणि डबा परत दिला. दोघी त्या डब्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. त्यांच्याकडेही भेट मिळाली की उलट भेट द्यावीच लागते, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणजे नियम दोन्हीकडे एकच होता. आधी कुणी थांबायचं, हे मात्र दोन्ही देशांच्या वारशात कुठेच सांगितलेलं नव्हतं!

सकाळी आईला सुंदर रुमाल मिळाला. आईने ट्रंक उघडली. मामेबहिणीच्या लग्नात आहेर करायला ठेवलेल्या दोन साड्या बाहेर आल्या. रुमालाच्या बदल्यात साडी कशाला, असं मी हळूच सुचवून पाहिलं.

"तुला काहून एवढी तकलीफ होऊन राहिली?" आई म्हणाली. "पोरी समुद्रापल्याडून आल्या अन् आमी रुमाल घेऊन गप बसावं व्हय?"

दुपारी साड्यांच्या बदल्यात दोन पंखे आणि चहाचे पेले आले. ते पाहून बाबांनी दोघींच्या वडिलांसाठी टॉवेल-टोपी काढली आणि टोप्यांचं माप विचारायला मला पाठवलं. वडिलांच्या डोक्याचा घेर इंग्रजीत कसा विचारतात, ते मला येत नव्हतं. मी माझ्याच डोक्याला दोन्ही हात लावून उभी राहिले. माझं डोकं दुखतंय असं समजून आयुमीने मला गोळी दिली. (तिच्या बदल्यात आईने तिला शेंगदाण्याची चटणी दिली.)

तिसऱ्या दिवशी दोघींनी बाळापूरचा बाजार बघायचा म्हटलं. मला बरं वाटलं. निदान आता तरी वारसा सुरू होईल! मी हळद, कापूस, आठवडी बाजार असं मनात जुळवत होते, तोवर दोघी भांड्यांच्या दुकानात शिरल्या होत्या. हारुकाने मला बाबांचं नाव विचारलं. परदेशातली मुलगी आपल्या वडिलांचं नाव आवडीने विचारते, याचा मला एवढा अभिमान वाटला की मी ते दोनदा सांगितलं. दुकानदाराने ते पहिल्या वेळीच लिहून घेतलं होतं.

संध्याकाळी बाबांच्या हातात नवीकोरी स्टीलची कळशी आली. तिच्या काठावर मशीनने ठिपक्याठिपक्यांनी टाकलं होतं : 'श्री. उत्तमराव यांस हारुका व आयुमी यांजकडून सप्रेम भेट.' त्यांच्याकडचं जपान संपलं होतं. आता त्या आम्हाला आमचंच बाळापूर भेट देत होत्या.

बाबांनी कळशी गल्लीभर फिरवून दाखवली आणि तिथे घात झाला. शेजारच्या सोजरकाकू शेवयांची पिशवी घेऊन हजर झाल्या. पाहुण्या काय एकट्या उत्तमच्याच आहेत का, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्यामागे पापड आले, हळकुंडं आली, एक गोधडीही आली. दोघींनी छत्री दिली, टॉर्च दिली, मोजे दिले. सोजरकाकूंनी ते मोजे घालून अंगण झाडलं.

निघायच्या दिवशी सकाळी मला आयुमी अनवाणी दिसली. मी तिची चप्पल घरभर शोधली. ती सापडली, पण सोजरकाकूंच्या पायात.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण आईला थांबवलं तर आईचं मन मोडतं, पाहुण्यांना थांबवलं तर पाहुण्यांचं मोडतं आणि माझं जपान जातं. मी जाऊन त्यांच्या बॅगेवर बसले. ती बंद होत नव्हती.

इतक्यात सर जीप घेऊन आले. सामान चढत होतं, तेवढ्यात आई आतून वरवंटा घेऊन आली. त्याने हारुकाने आदल्या दिवशी पाट्यावर चटणी वाटली होती आणि फार छान आहे म्हणाली होती. आईने तो धुऊन, नव्या कोऱ्या खणात गुंडाळून तिला दिला. हारुका तो घ्यायला नेहमीसारखी वाकली आणि वजनामुळे नेहमीपेक्षा बरीच खाली गेली. कशीबशी सरळ झाली. मग आपल्याकडे द्यायला काय उरलंय ते आठवू लागली आणि तिचा हात हळूहळू स्वतःच्या चष्म्याकडे गेला.

"नो!" मी ओरडले. "नो मोर! माय, बास कर आता. या पोरी आंधळ्या होऊन घरी जातील."

सर माझ्याकडे बघत होते. गेलं जपान, असं मनात म्हणत मी हारुकाला तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं, की आता कोणी कोणाला काही द्यायचं नाही. हारुका वरवंटा मांडीवर घेऊन ओट्यावर मटकन बसली आणि हसता हसता रडू लागली. आई तिच्या शेजारी टेकली.

"मीबी थकले होते बाई," ती म्हणाली. "पण आधी थांबावं कसं?"

सोजरकाकूंनी मुकाट्याने चप्पल परत केली. रिकामी द्यायची नाही म्हणून तिच्यात मूठमूठ शेंगा भरल्या होत्या.

आठवड्याने सरांनी मला बोलावलं. मी क्षमा मागायच्या तयारीने गेले. सर म्हणाले, "परक्या मुलखात नाही म्हणता येणारा माणूस लागतो. तू जा."

बाबांनी ही बातमी गल्लीभर सांगितली. त्याच संध्याकाळी सोजरकाकू आयुमीसाठी पाच किलो हळद घेऊन आल्या. त्यांच्यामागे आणखी चार जणी पिशव्या घेऊन उभ्या होत्या. नाही म्हणता येतं म्हणून निवडलेली मी पुढे झाले, घसा साफ केला आणि ठामपणे सांगितलं, "तिकडं कोपऱ्यात ठेवा."