घासलेटच्या डब्यातली रासबेरी

माझं माहेर साताऱ्याच्या वरच्या डोंगरात आणि सासर मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, केजपासून दोन कोसांवर. एवढ्या लांबची सोयरीक कशी जुळली ते विचारू नका. आत्याच्या दिरानं जुळवली, आणि नंतर तोंड दाखवायला तो कधी आला नाही.

माझा बाप एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. मी सासरी निघाले तेव्हा त्यानं ओल्या गोणपाटात गुंडाळलेली एक मुळी माझ्या हातात दिली. रासबेरीची. मडमेनं व्हरांड्यात कुंड्यांतून लावलेलं बुटकं वाण होतं ते, गुडघ्यावर फार वाढत नसे. फळ दिसायला तुतीसारखं, पण आतून पोकळ. लहानपणी मी ती फळं बोटांच्या टोकांवर टोपीसारखी बसवायची आणि एकेक करून खायची.

आमच्याकडचा रिवाज असा, की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीही प्यायचं नाही. आणि खायचं-प्यायचं नसेल तर आगगाडी आणि बैलगाडी करत तीन दिवस हाडं खिळखिळी करून येणार कोण? मी रडायला लागले. तेव्हा बाप म्हणाला, "तुझ्या घरचं पाणी मला चालायचं न्हाई, खरं हाय. पर झाड माझं हाय का न्हाई? त्येचं फळ मी खाईन. फळ धरलं की कळव, पोरी. त्या दिशी निघतो."

म्हणजे फळ धरलं तर बाप दिसणार, नाही तर नाही. मी ती मुळी तान्ह्या लेकरागत मांडीवर घेऊन बार्शीपर्यंत आणली. पुढं बैलगाडी. मोगलाईच्या हद्दीवर जकातीच्या नाक्यात कारकुनानं गोणपाट उलगडायला लावलं आणि विचारलं, "ये क्या हाय?" नवरा म्हणाला, "काटेरी झाड हाय, साब." कारकून पोट धरून हसला. "काटे बाहेरून आणायलेत! मोगलाईत कमी पडले का?" आणि जा म्हणाला.

घरी आल्यावर पहिला तंटा झाला तो डब्यांवरून. कुंडी कुठली मिळायला! मुळीचे दोन तुकडे करून लावायला मी घासलेटचे दोन रिकामे डबे हेरले आणि खिळ्यानं त्यांच्या बुडाला भोकं पाडली. गावात तेव्हा तसा डबा म्हणजे मोठी चीज. पाणी भरायला, धान्य ठेवायला, सगळ्याला तोच. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी डबा उचलून उजेडाकडं धरला आणि भोकांतून माझ्याकडं बघितलं. "चांगल्या डब्याची चाळण केली की गं! आन म्हनं डोंगरातली सून लई गुणाची!"

मीही काही मुकी नव्हते. "पाझरलं न्हाई तर मुळी कुजंल, आत्याबाई," म्हणाले.

"आमच्या हितं पाण्यानं काही कुजत न्हाई, बाई. पाणी असाय तर पाहिजे ना!"

हे मात्र खरं होतं. उन्हाळ्यात आडाचा तळ दिसायचा, आणि झाडाला डोंगरात मिळतं तसं गार वारं इथं कुठून मिळणार? मी डबे रांजणाच्या उत्तरेला, भिंतीच्या सावलीत ठेवले. रांजण रात्रंदिवस पाझरायचा, तो ओलावा आयताच मिळे. वर भाजी धुतलेलं पाणी, तांदळाचं धुवण. डब्याचा पत्रा तापू नये म्हणून भोवती ओलं गोणपाट गुंडाळायचे. घरात माणसं डाळ-भाकरीवर आणि माझं झाड गोणपाटाच्या गादीवर, असं नवरा सगळ्यांना सांगत फिरे. पण हाच नवरा बाजारातून येताना शेळीच्या लेंड्यांचं खत धोतराच्या सोग्यात बांधून आणायचा, हेही सांगितलं पाहिजे.

झाड जगलं. पावसाळ्यात लांब काटेरी फोका फुटल्या. हिवाळ्यात पानं गळली आणि फोका तांबूस, कोरड्या दिसायला लागल्या. तेवढ्यात शिमगा आला. होळीला दर घरातून पाच तरी लाकडं द्यायची, आणि दारातलं वाळकं काटूक घरात ठेवायचं नाही, अशी आमच्या गावची रीत. तुरीचं पीक निघालं की तुराट्या चुलीत, कापूस वेचला की पऱ्हाट्या चुलीत. उभं वाळकं झाड ठेवणारी सून आळशी ठरायची. मी नवी होते, चांगलं म्हणवून घ्यायची हौस होती. बुडापासून सगळ्या फोका मोडल्या आणि स्वतः नेऊन होळीत टाकल्या. आत्याबाई पहिल्यांदाच माझ्यावर खूश झाल्या. माहेरी मी फळं खाल्ली होती, छाटणी बाप करायचा. मला काय ठाऊक!

पावसाळ्यात पुन्हा नव्या फोका आल्या. फळ नाही. दुसऱ्या शिमग्याला आत्याबाईंनी विळा घेतला, मी गोणपाट धरलं, आणि सासू-सुनांनी एकदिलानं झाड सपाट केलं. त्या वर्षी फक्त पानं आली, आणि बापही आला नाही. मला त्याची इतकी आठवण यायची की रांजणाशी पाणी काढताना उगाच वेळ लावायची, कुणी तोंड बघू नये म्हणून. मूलही राहत नव्हतं. बायका कुजबुजायच्या, झाडासारखीच बाई.

तिसऱ्या वर्षी आत्याबाईंनी सांगून टाकलं, "पाडव्यापत्तुर काही दिसलं न्हाई तर डबे माझे. भोकं लाखेनं बुजवून घेईन."

त्या वर्षी होळीच्या पाच दिवस आधी माझी थोरली जाऊ बाळंत झाली. घराला सोयेर पडलं. जन्माचं सुतकच ते. दहा दिवस देवाधर्माला हात लावायचा नाही. आमच्या घरचं लाकूड होळीला चालेना. वाळक्या फोका तशाच उभ्या राहिल्या, आणि बाळंतिणीच्या शेक-शेगडीत कुणाचं तिकडं लक्षही गेलं नाही.

पाडव्याच्या सकाळी मी दारात सडा टाकत होते. सहज बघते तर त्याच वाळक्या काठ्यांना बारीक फांद्या, आणि फांद्यांच्या टोकाला कळ्यांचे घोस! या वर्षी वाढलेल्या फोकीला पुढच्या वर्षी फळ येतं, हे तेव्हा डोक्यात शिरलं. दोन वर्षं आम्ही आमच्या हातानं फळ होळीत घातलं होतं, वर पाच प्रदक्षिणा घालून! मी सडा सोडून हसत सुटले. आत्याबाई धावत आल्या, कळ्या बघितल्या, आणि कपाळावर हात मारून म्हणाल्या, "जाळलं की गं आपणच!" आणि त्याही हसायला लागल्या.

बापाला पत्र गेलं. चिमण्या-बुलबुलांपासून राखायला आत्याबाईंनी आपलं जुनं लुगडं झाडावर टाकलं. तरी पिकली ती तेरा फळं, त्यातली दोन जावेच्या थोरल्या पोरानं लांबवली.

बाप आला. वाळला होता, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. पाणी त्यानं गावात शिरायच्या आधीच शिवेवरच्या ओढ्याला पिऊन घेतलं होतं. ओट्यावर बसला. मी पळसाच्या पानावर अकरा फळं त्याच्यापुढं ठेवली. त्यानं एक उचललं, तोंडाजवळ नेलं, आणि आतून आत्याबाईंचा आवाज आला.

"इवाई, झाड तुमचं, कबूल. पर तीन वर्सं त्येला पाणी कुणाच्या रांजणाचं घातलं?"

बापाचा हात तिथंच थांबला. रिवाजाला पक्का माणूस. त्यानं फळ हळूच पानावर ठेवलं. मला असा संताप आला की आत जाऊन तो रांजणच फोडावा. तीन वर्षं ज्या घासाची वाट बघितली तो या बाईनं ओठांपासून काढून घेतला होता.

"खरं हाय, इहीणबाई," बाप म्हणाला. "ह्ये माझ्या ध्यानात आलं न्हाई."

आत्याबाई दारात आल्या. डोईवर पदर, हातात भरलेला तांब्या. "मंग आता कशाला मागं सरता? तीन वर्सं तुमचं झाड आमच्या घरचं पाणी पितंय. कुठं काय आभाळ कोसळलं? लेकरू देवाच्या हातात हाय. तवर बापानं लेकीच्या दारात तहानलेलं बसावं, ह्ये मला बघवत न्हाई." आणि तांब्या माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तू दे. लेकीच्या हातचं पिऊ दे त्येन्ला."

मी तांब्या पुढं केला. बापानं एकदा माझ्याकडं, एकदा विहीणबाईंकडं बघितलं, तांब्या घेतला आणि घटाघटा पिऊनच खाली ठेवला. मग एकेक करून अकराही फळं खाल्ली, मला एकसुद्धा दिलं नाही.

"आणखी आण, पोरी," म्हणाला.

मी तांब्या घेऊन आत पळाले. रांजणापाशी आत्याबाई पदरानं डोळे पुसत उभ्या होत्या. मला बघून खेकसल्या, "काय बघायलीस? भर की लवकर!"