एकसष्ट टक्के

झाशीला आल्यापासून मी दिवसातून एकदाच मराठी बोलायचो, दुपारी चारला. आमच्या कार्यालयातल्या हेड ड्राफ्ट्समन काकांच्या टेबलावर चहा यायचा आणि ते म्हणायचे, "बस अंमळ." काकांचं घराणं पिढ्यान्पिढ्या झाशीचं. त्यांच्या बोलण्यात जुन्या मराठीतलं 'बरीक' आणि हिंदीतलं 'अच्छा' शेजारी शेजारी नांदायचे. मी तालुक्याच्या गावातून आलेला, घरातला पहिला पदवीधर. साहेबांपुढे किती बोलायचं, टिपणी कशी लिहायची, खोली कुठे बघायची, हे सगळं मला काकांनी शिकवलं. म्हणूनच पुढचं लिहिताना मला लाज वाटते.

कार्यालयाचे जुने नकाशे, म्हणजे पूल, मोऱ्या, पंपघरं, काकांनी तीन वर्षं बसून स्कॅन करून घेतले होते. ते चार डिस्कांवर विभागून ठेवलेले. चारपैकी एक डिस्क मेली तरी उरलेल्या तिघींवरून तिच्यावरचा मजकूर पुन्हा काढता येतो, अशी ती मांडणी असते. जागा भरली, तेव्हा पाचवी डिस्क घालायचं ठरलं. ते काम माझं.

काका निवृत्त व्हायला तीन दिवस होते. त्यांनी विचारलं, "नवी डिस्क लावली की झालं ना?"

"नाही काका. चार पानांची पंगत बसली आहे, वाढणं चालू आहे. त्यात पाचवं पान मांडायचं, तर सगळ्यांना थोडं थोडं सरकावं लागतं. आणि जेवण थांबवायचं नाही."

"म्हणजे बरीक कोणाचं तरी वरण सांडणार."

"सांडू नये म्हणून सावकाश."

आधी सगळ्या नकाशांची दुसरी प्रत काढायला हवी होती. हाताशी होत्या त्या डिस्कांवर अर्धेच मावले. उरलेल्यांचे मूळ कागद वाळवीने संपवले होते. तरी मी काम सुरू केलं, कारण काकांना ते सुरू झालेलं बघायचं होतं. दिवसा लोकांची कामं अडू नयेत म्हणून वेग अगदी कमी ठेवला. दिवसाला सहा टक्के, त्याच्या आसपास.

निरोपाच्या दिवशी एकोणीस टक्के झाले होते. काकांनी हार काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला, पडद्यावर आकडा बघितला आणि म्हणाले, "मी फोन करीन. पूर्ण होईतो सांगत जा." दोन दिवसांनी ते घराला कुलूप लावून नागपूरला मुलीकडे गेले.

आणि खरंच रोज चारला फोन यायला लागला.

"किती झालं?"

"एकतीस."

"अच्छा. कोणी नकाशा मागितला का?"

"मऊरानीपूरच्या बाजूचा एक मागितला. मिळाला."

मग अर्धा तास इकडचं तिकडचं. एकदा ते म्हणाले, "इथे भाजीवालीसुद्धा माझ्या मराठीला हसते रे. विचारते, काका, कुठून आलात?" मी हसलो. ते हसले नाहीत.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी रोज मला चिडवायचा, "भैया, तुमाओ कछुआ कहाँ लौ पौंचो?" माझं कासव कुठवर आलं, म्हणून. मी म्हणायचो, पहुँच जाएगा. खरं म्हणजे कासव मीच बांधून ठेवलं होतं. शनिवारी-रविवारी कार्यालय रिकामं असतं. तेव्हा वेग पूर्ण सोडला असता तर सोमवारी सकाळी काम संपलेलं दिसलं असतं. शनिवारी मी जाऊन बसलो, वेग वाढवायची ओळ टाइप केली, आणि पुसली. शंभर झाले की चारचा फोन कशासाठी येणार? हे मनात स्पष्ट शब्दांत आलं होतं, ते मी लपवत नाही. पंख्याखाली दोन तास बसून घरी आलो. त्या रविवारी मी कोणाशीही एक शब्द बोललो नाही. दूधवाल्याने फक्त पातेलं पुढे करायला सांगितलं.

सोमवारी आकडा एकसष्ट होता. खाली तीन नव्या ओळी होत्या: दुसऱ्या डिस्कवरचा काही भाग वाचता येत नव्हता. उरलेल्या डिस्कांनी तो भरून काढला होता. पण आणखी एखादी डिस्क अशी करू लागली असती, तर प्रत नसलेले नकाशे कायमचे गेले असते. चार जुन्या डिस्का एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच वयाच्या.

मी वेग पूर्ण सोडला. सहकारी ओरडला, "अरे भैया, मेरी ड्रॉइंग नहीं खुल रही!" मी म्हटलं, आज नहीं खुलेगी.

चारला फोन आला. "किती झालं?"

"एकसष्ट. काका, उद्या सकाळी पूर्ण होईल." आणि मी सगळं सांगितलं. शनिवारचंसुद्धा.

ते म्हणाले, "गधा आहेस. चाळीस वर्षांचं काम आहे ते. तुझ्या चहासाठी नाही."

आणि त्यांनी फोन ठेवला.

सकाळी शंभर झाले. खराब डिस्क काढून त्या जागी नवी घातली, तीही भरून निघाली. मग मी प्रत नसलेल्यांपैकी एक नकाशा उघडला, गरौठ्याकडच्या एका लहानशा मोरीचा. कोपऱ्यात काकांची आद्याक्षरं होती, नोकरीच्या पहिल्या वर्षाची, जरा जास्तच नीट काढलेली. मी त्यांना कळवलं: 'पूर्ण झालं. सगळे नकाशे शाबूत.' उत्तरात फक्त 'ठीक' आलं.

चारला फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चहावाला सवयीने दोन कप ठेवून गेला.

तिसऱ्या दिवशी चारला मीच फोन लावला. पलीकडून घाईघाईने आवाज आला, "आता कोणती डिस्क गेली?"

"कोणतीच नाही, काका."

"मग?"

"चार वाजलेत."

रस्त्यावरून एक गाडी गेल्याचा आवाज आला, नागपूरचा की इथला ते कळलं नाही.

"हं," काका म्हणाले. "बस अंमळ. चष्मा ठेवून येतो."