दादाने सांगितलेले शेवट

वहिनीचा फोन आला तेव्हा मी नांदेडला घरी मेथी निवडत बसले होते. 'कुंदाताई, तुमचे दादा गेले,' एवढंच ती म्हणाली आणि फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ मिलिंद. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन लातूरला राहायचा. सकाळी आंघोळीला म्हणून उठला आणि मोरीच्या दारातच कोसळला. मला रडू आलं नाही, आधी राग आला... आणि इतके आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांना भाऊ नसेल, किंवा माझ्या दादासारखा नसेल. तो गेल्यावर ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्याच्या खात्यातला एक जण माईकवर म्हणाला, साहेब फार चोखंदळ रसिक होते. मी पहिल्या रांगेत होते म्हणून गप्प बसले. रसिक म्हणे! या माणसानं उभ्या जन्मात एक सिनेमा शेवटपर्यंत बघितला नाही, एक कादंबरी शेवटच्या पानापर्यंत वाचली नाही. मत मात्र प्रत्येकावर, आणि तेही वाईटच.

खोड लागली ती एसटीमुळं. आमचं गाव कंधारच्या पलीकडं. दादा कॉलेजसाठी नांदेडला रोज जाऊन-येऊन करायचा आणि एखाद्या शनिवारी मला सोबत न्यायचा. तीनच्या खेळाला बसायचो. पण गावात मुक्कामाला जाणारी गाडी नांदेडहून साडेपाचला सुटायची, आणि सिनेमा काही सहाच्या आत सुटायचा नाही. तिकडं पडद्यावर हिरो कड्याला लोंबकळत असायचा आणि इकडं दादा माझं कोपर धरून उठवायचा, 'ऊठ कुंदे, गाडी जाईल.' मग गाडीत खिडकीशी बसले की मी विचारायचे, पुढं काय झालं असेल? आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, काय माहीत. दादा डोळ्यांनी बघून आल्यासारखा सांगायचा. हिरो मरतो. आंधळी आई आंधळीच राहते. हरवलेला भाऊ सापडतच नाही. मी कंधार येईपर्यंत मुसमुसत असायचे. एकदा शाळेत मी असाच एक शेवट सांगितला, तर नांदेडहून नवीन आलेली पोरगी खो-खो हसली. म्हणाली, अगं, त्यात तर दोघांचं लग्न होतं. मी तिची वेणी ओढली, बाईंच्या छड्या खाल्ल्या, पण मागं हटले नाही. माझ्या दादानं सांगितलं होतं ना!

पुढं मोबाईल आले, आणि पोरानं मला ते जुने सिनेमे त्यावर लावून दिले. एकेक शेवट बघते तर काय... सगळे जिवंत! ज्यांच्यासाठी मी इतकी रडले ती सगळी माणसं शेवटी एका रांगेत उभी राहून हसून राहिली होती. मी तिथल्या तिथं लातूरला फोन लावला. दादा, ती आई डोळस होते रे, म्हटलं. तर म्हणतो कसा, 'पैसे लावणाऱ्यानं केली आसंल. खऱ्यात तसं होत न्हाई.' म्हणजे वर मलाच शहाणपण.

बरं, आता कुठली गाडी गाठायची होती? स्वतःचं घर, स्वतःचा टीव्ही, मायंदाळ वेळ. तरी जित्याची खोड. आठ भागांची सिरीज असली की हा सातव्याला उठणार. 'कळालं सगळं. आता काय बघायचं?' मी वाढदिवसाला दिलेली कादंबरी शेवटची पंचवीस-तीस पानं राहिली असताना त्यानं मिटून ठेवली आणि मला सांगितलं की पोरगी विहिरीत जीव देते. अरे, ती नर्स होते, दवाखान्यात लागते, मी ओरडले. मग लेखकाला काही कळत न्हाई, म्हणाला. घरच्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी त्याचा निकाल ठरलेला. नवा पिक्चर : गाणी लई, अक्कल कमी. कालची सिरीज : बघू नये, पोलिसाला चालता येत न्हाई. नातेवाईक हसायचे आणि याला आणखी चेव यायचा.

त्याची एकुलती एक लेक प्रज्ञा. चांगली बँकेतली नोकरी सोडून मुंबईला गेली आणि मालिकेचे संवाद लिहायला लागली. तिचं नाव पहिल्यांदा टीव्हीवर आलं तेव्हा वहिनीनं त्या नावाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. आम्ही सगळ्यांनी अभिनंदन, अभिनंदन केलं. त्याच्या खाली दादानं लिहिलं, 'माणसं बोलून ऱ्हायली न्हाईत, नुसते डायलॉग हायेत. ज्यानं लिहिलंय त्याला कामावरून काढा.' पोरगी ग्रुपमधून बाहेर पडली. बापाशी बोलणंच टाकलं. आईला फोन करायची तोही तो फिरायला गेला की. आणि हा? रोज संध्याकाळी तीच मालिका लावायचा आणि शिव्या घालायचा. कार्यक्रमाला आलेल्या बायका मला म्हणाल्या, बघा, किती जीव होता लेकीवर, एक भाग चुकवला नाही. काही नाही! शिव्या घालणं म्हणजे शिव्या घालणं, त्याला माया म्हणायचं कारण नाही. मी स्वतः ऐकल्यात. माया असती तर एक फोन केला असता. मोबाईल उशाशीच तर असायचा.

मालिका संपायला आली तेव्हा मी मुद्दाम लातूरला गेले. त्यातही बाप-लेकीचं भांडण होतं, लेक घर सोडून गेलेली. शेवटच्या भागाला आम्ही तिघं बसलो. पहिली जाहिरात लागली तसा दादा उठला. 'ती पोरगी परत येत न्हाई,' म्हणाला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. वहिनी आणि मी बघितलं. येते ती पोरगी. बाप दार उघडतो आणि नुसती तिच्या हातातली बॅग घेतो. वहिनीनं पदर तोंडाला लावला. मी गॅलरीत गेले आणि त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, पोरीनं हे तुझ्यासाठी लिहिलंय, आत्ताच्या आत्ता फोन लाव.

'ती उचलणार न्हाई, कुंदे.'

'लावून तरी बघ.'

'कशाला? शेवट मला माहीत हाय.'

मग माझाही तोल गेला. म्हटलं, 'आता कुठली गाडी सुटून राहिली रे तुझी?' तो खालच्या रस्त्याकडं बघत राहिला. सकाळी मी निघाले तेव्हा वहिनीनं डब्यात पोळ्या बांधून दिल्या, दादा आतूनच 'बरं' म्हणाला. तीच आमची शेवटची भेट.

कार्यक्रम उरकून पाहुणे पांगल्यावर एका दुपारी प्रज्ञा आणि मी त्याच्या खोलीत बसलो होतो. खाट टीव्हीकडं तिरपी ओढलेली, उशी भिंतीला उभी. ती खाटेच्या कडेला टेकली आणि हळूच म्हणाली, 'आत्या, शेवटचा भाग पप्पांनी बघितला का?' खोटं बोलता आलं असतं मला. पण आमच्या घरात खोटे शेवट सांगणारा एक झाला तेवढा पुरे. मी जसंच्या तसं सांगितलं. तो उठून गेल्याचं सांगितलं, मी फोन लाव म्हटल्याचं सांगितलं, तो काय म्हणाला तेही सांगितलं. तिनं उशी आडवी केली, तिच्यावरचा हात काढला नाही.

'मी उचलला असता,' ती म्हणाली. मग म्हणाली, 'चुकलं पप्पांचं.'

हेच तर मी त्याला जन्मभर ऐकवत आले होते. चुकतोस दादा, चुकतोस. पण तिच्या तोंडून ते ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या भावाला चूक म्हणणारी ही कोण? त्याच्या बाजूनं काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं... आणि मला एक शब्द सापडला नाही. पोरगी माझ्याकडं बघत होती, मी काहीतरी सांगेन म्हणून वाट बघत होती. बोलायला एवढंसं तरी काही ठेवून जायचं होतंस रे दादा.