घोड्यांची शिकवणी

माणसांनी शिकवायचं आणि घोड्यांनी वाहून न्यायचं, ही जगाची साधी व्यवस्था उलटी करून दाखवणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली, आणि ती नेमकी हिची आत्या निघाली. कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती. त्या सुमारास आत्या शाळेतून निवृत्त झाली आणि 'सड्यावरच्या आपल्या काजूच्या जागेत घोड्यांची शिकवणी सुरू करत्ये, या' असा तिचा निरोप आला. मी नवा झब्बा घालून गेलो. सड्याच्या उघड्या कातळावर चार घोडी ओळीने उभी होती. काहीतरी कौतुकाचं बोलावं म्हणून मी विचारलं, "आत्या, यातला पहिला नंबर कोणाचा?"

आत्याने गळ्यातली शिट्टी बाजूला सारली. "जावईबापू, शिकवणी घोडे घेतात. शिकायला पोरं येतात. आणि तुम्ही चांदणीच्या मागे उभे आहात, ती लाथ मारत्ये."

शेवटचं वाक्य तिने पहिलं म्हणायला हवं होतं. झब्ब्यावरचा तो खूर पुढे किती धुतला तरी गेला नाही.

आत्या शाळेत कवायत शिकवायची. तिचा आवाज मैदानाच्या मापाचा होता आणि घरात आल्यावर तो लहान करायची काही सोय नव्हती. तिने कानात "गुपित सांगत्ये हो" म्हटलं की शेजारची माणसं खिडकीत यायची. माया करायची तीही त्याच आवाजात. कोणाला नको झालेला घोडा दिसला की ही तो घेऊन यायची. चांदणी समुद्रावर पोरांना घेऊन फेऱ्या मारणारी. ठरलेलं अंतर संपलं की आपोआप वळायची, त्यामुळे तिला फाटकापर्यंत नेणं कोणाला जमलं नाही. एक टांग्याचा घोडा मिरजेहून आलेला; रस्त्याकडेला कोणी उभं दिसलं की तो थांबायचा, आणि ते माणूस चढत नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडायचा. या सगळ्यांचं शेण काढायला, पेंढा आणायला आत्याने माणसं जमवली होती. दोन निवृत्त कारकून, कॉलेजातल्या काही मुली, आणि जावई या एकाच गुन्ह्याखाली पकडला गेलेला मी. मजुरी म्हणून चहा आणि घावणे. घावणे मात्र असे, की मी शेणाकडे निराळ्या नजरेने पाहायला लागलो.

शिकवणीला यायची ती शाळेने कंटाळून सोडलेली मुलं. कोणी एका जागी बसत नाही, कोणी सगळ्यांना मारतो, कोणी तोंड उघडत नाही. आत्या त्यांच्या हातात खरारा द्यायची आणि म्हणायची, "याचं अंग साफ कर. तो काय म्हणतोय ते बघ." नियम एकच होता. इथे कोणी कोणाला ओढायचं नाही, घोड्याला दोरीने नाही आणि माणसाला शब्दाने नाही. दुसऱ्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. हा नियम सर्वांत जास्त वेळा आत्याच मोडायची आणि मग स्वतःवरच शिट्टी फुंकायची.

आणि एक घोडा वरातीचा. लग्नांना घोडा भाड्याने देणाऱ्या संगमेश्वरकडच्या एका लग्नवाल्याने पाय सुजला म्हणून आणून सोडलेला. जन्मभर दुसऱ्यांचे नवरदेव वाहिले म्हणून आत्याने त्यालाच नवरदेव नाव दिलं. वरातीची खोड त्याच्या हाडात होती: चार पावलं चालायचा आणि उभा राहायचा. पुढे नाचणाऱ्यांचं नाचून झालं, असं त्याला वाटलं की पुन्हा चार पावलं.

आमच्या शेजारची एक मुलगी बोलताना फार अडखळायची. त्यात आईबापांनी नाव ठेवलेलं मृण्मयी. वर्गात हजेरीला 'हजर' म्हणायची वेळ आली की ती घामाघूम व्हायची. आत्याने नवरदेवाची दोरी तिच्या हातात दिली. तो थांबला की ती बोलायची, अडली की तो उभाच असायचा. त्याला काही घाई नव्हती. काही महिन्यांत ती त्याच्याशी सबंध गोष्टी बोलायला लागली. आमच्याशी अजून नाही.

आणि लगीनसराईच्या तोंडावर तो लग्नवाला दोरी घेऊन हजर झाला.

"बाई, घोडा माजा हाय. ठेवायला दिलावता. आता नेतो, मिरगाला परत आणून सोडतो."

त्याचं काही खोटं नव्हतं. पण उन्हाळ्यात डांबरावर, बँडमागे, रात्र रात्र तो पाय टिकला नसता. आणि त्या मुलीचं जेमतेम सुरू झालेलं बोलणंही. आत्याने छातीत श्वास भरला. आता सड्यावरचे कातळ फुटणार, म्हणून मी दोन पावलं मागे सरलो. तेवढ्यात मृण्मयी पुढे आली.

"का... काका..."

मी तोंड उघडलं. आत्याने माझं मनगट असं दाबलं, की बांगडी असती तर फुटली असती.

"काका, त्याचा पा... पाय दु... दुखतो. च... चढावर. तो सां..." ती थांबली. लग्नवालाही थांबला. "तो सांगत नाही."

लग्नवाला खाली बसला. त्याने पायावरून हात फिरवला, तसा नवरदेवाने पाय उचलून घेतला.

"खरा गो बाय," तो म्हणाला. "आत कढत लागतोय." मग त्याने आणलेली दोरी गुंडाळून काखेत मारली. "ऱ्हाऊं दे हितंच." चहा न घेताच तो एसटी गाठायला निघून गेला. आत्या काजूंच्या आड गेली आणि नाक शिंकरून आली. चारही घोड्यांनी कान टवकारले.

पुढे दोनेक वर्षं नवरदेव राहिला. मृण्मयी पुण्याला शिकायला गेली; अडखळते अजून, पण बोलायचं टाळत नाही. एका हिवाळ्यात सकाळी नवरदेव उठला नाही. आम्ही गेलो, तर आत्या सड्यावर एकटीच चालत होती. चार पावलं चालायची आणि उभी राहायची. तिची हाक नाही, शिट्टी नाही.

घरी आल्यावर ही म्हणाली, "रविवारी परत जाऊ या. तिला चालायला सोबत नाही."

"पण बोलायचं काय तिच्याशी?"

"बोलू नका हो काही. ती थांबली की थांबा."