त्या संध्याकाळी घासलेली जाळी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आईला सांगणं तर शक्यच नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसाचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा गेला, तो माझ्यामुळे. त्याचं काहीही चुकलेलं नव्हतं हे मला त्याच सकाळी ठाऊक होतं.

तेव्हा आम्ही इंग्लंडच्या उत्तरेला राहायला गेलो होतो. बायको डॉक्टर, तिला तिकडे जागा मिळाली. माझी लंडनजवळच्या मेडनहेडची सॉफ्टवेअरची नोकरी आधीच गेली होती. गावाबाहेर नदीकाठी सॅमन माशांच्या पैदाशीचं सरकारी केंद्र होतं. वरच्या अंगाला धरण झालं आणि अंडी घालायला वर जाणाऱ्या माशांची वाट अडली, म्हणून भरपाईदाखल हे काढलेलं. येणाऱ्या लोकांना फिरवून माहिती द्यायला त्यांना माणूस हवा होता. मॅनेजरबाईंनी मुलाखतीत विचारलं, "मासे खाता?" मी नाही म्हटलं. "उत्तम," त्या हसल्या, "म्हणजे आमचे मासे सुरक्षित."

काम मला आवडलं, हे कबूल करतो. प्रवेश फुकट. शाळेची मुलं यायची, पेन्शनर जोडपी यायची. दारात जंतुनाशकाचं उथळ पाणी, त्यात बूट बुडवल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही. आधी मोठे मासे दाखवायचे, समुद्रातून नदीत परतलेले. हिवाळ्याच्या तोंडाला माद्यांच्या पोटावरून हात फिरवून अंडी काढतात, नराचं पाणी त्यात कालवतात, आणि ती नारिंगी अंडी थंड वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवतात. पांढरी पडलेली रोज चिमट्याने वेचून टाकायची. वसंतात पिल्लं निघतात, पुढे गोल टाक्यांत वाढतात आणि बोटाएवढी झाली की नदीत सोडतात. शेवटी पाहुण्यांना कागदी कपात चिमूटभर खाद्य द्यायचं, ते फक्त बाहेरच्या शोच्या टाकीत टाकायला. बाकी कुठल्याही टाकीत बाहेरचं काही पडता कामा नये, हे मी दर टूरला दोनदा सांगायचो.

म्हातारा तिथला स्वयंसेवक. आयुष्यभर बस चालवलेली, बायको गेल्यावर इथे यायला लागला तो रोजच. आम्ही एकमेकांना नावाने हाक मारायचो, पण नाव लिहीत नाही. तो मला बहुतेक वेळा 'लॅड'च म्हणायचा, म्हणजे पोरा, मी चाळिशीचा होतो तरी. थोडा विसराळू होता. हातमोजे फ्रिजमध्ये ठेवायचा, एकाच टूरमध्ये तोच जोक दोनदा सांगायचा, आणि आम्ही सगळे त्याची चेष्टा करायचो. "डोकं बसमध्येच राहिलं का रे?" मीसुद्धा म्हटलंय.

संध्याकाळी टाक्यांच्या जाळ्या घासणं हे त्याचं काम. गोल टाकीत पाणी कडेने तिरकं येतं, फिरतं आणि मधल्या जाळीतून खाली जातं. जाळी तुंबली की पाणी काठावरून वाहतं, आणि त्याच्याबरोबर पिल्लंही.

त्या वर्षी आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे आले होते. ऑक्टोबरात बाबांना स्ट्रोक झाला. लीड्सच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डोळे मिटलेले, नाकात नळी. कन्सल्टंट रोज तेच म्हणायचा, वेट अँड सी. आई मला विचारायची, "काय म्हणाला?" मी म्हणायचो, "बघू या म्हणाला."

"बघू या काय? त्यांनी बघायचं नाही तर कोणी?"

ती जेवेना. दोन घास भात चिवडायची आणि ताट सारायची. मग एकदा म्हणाली, "तुझ्या मामाच्या वेळी मी तळ्यावर माशांना कणीक घातली होती. उठला की नाही मामा?" आम्ही नदीवर गेलो. पाणी चहासारखं तपकिरी. तिने गोळ्या टाकल्या, त्या बुडाल्या, आणि वर कुणीच आलं नाही. बराच वेळ उभी राहिली. "खाल्ल्याशिवाय पोचत नाही रे."

दुसऱ्या दिवशी बायको लीड्सला बाबांजवळ होती, आणि आईला घरात एकटं ठेवायला मन धजेना. मी तिला कामावर घेऊन गेलो. दारातलं पाणी बघून ती चपला काढायला लागली. म्हातारा धावत आला, "नो नो, मॅम, शूज ऑन!" आई म्हणाली, "चपला घालून पाय धुवायचे? अजबच सोवळं यांचं."

म्हाताऱ्याने तिला पूर्ण टूर दिली, मी भाषांतर करत राहिलो. मोठ्या माशांपाशी तो म्हणाला, "नदीत शिरल्यावर हे काही खात नाहीत. माझ्यासारखे. बायको गेल्यापासून मीही चहावरच आहे." आईला सांगितलं. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"एवढा उपास? त्यांना म्हणावं, माणसाने जेवायला पाहिजे."

"हे तू त्याला सांगतेस?" मी म्हटलं.

तिला चहाबरोबर बिस्किट द्यायच्या आधी त्याने पाकीट डोळ्यांजवळ धरून अंडं आहे का ते वाचलं. 'भला माणूस आहे,' असं आई म्हणाली.

पाहुणे गेले. म्हाताऱ्याने लांब दांड्याच्या ब्रशने जाळ्या घासल्या, एकेक करून. शेवटची, पुढच्या आठवड्यात नदीत सोडायच्या पिल्लांच्या टाकीची. मी तिथेच दोन पावलांवर उभा होतो. "हे झालं, लॅड," म्हणाला, ब्रश खुंटीला अडकवला, आईला हात जोडून दाखवले आणि घरी गेला.

मग आईने पर्समधून डबा काढला. आत कणकेच्या गोळ्या, काठोकाठ.

"आई, इथे नाही चालत."

"मोठे उपाशी आहेत, ते राहू देत. ही पोरं खातील."

"अगं, नियम आहे. मीच सांगतो सगळ्यांना."

"एकदाच. ह्यांच्यासाठी." तिचा आवाज मला माहीत असलेल्या आईचा नव्हता.

पक्ष्यांपासून राखायला टाकीवर टाकलेलं सैल जाळं मीच उचललं. तिने डबा पालथा केला. पिल्लं उसळून वर आली, गोळ्यांवर तुटून पडली आणि थुंकून टाकली. प्रत्येकाने. मला दिसत होतं. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तिला फक्त पाणी उसळलेलं दिसलं. "खाल्लं! खाल्लं रे त्यांनी!" मी म्हटलं, हो. त्या रात्री ती पोटभर जेवली.

सकाळी मॅनेजरबाईंचा फोन आला. मी पोचलो तेव्हा फरशीवर सगळीकडे पिल्लं पडलेली, काँक्रीटला चिकटलेली. म्हातारा गुडघ्यांवर बसून ती बादलीत भरत होता. एखादं हलेल या आशेने प्रत्येक पिल्लू आधी तळहातावर धरत होता. मी कोपरापर्यंत हात घालून जाळी चाचपली. कणीक फुगून घट्ट बसली होती. परात धुताना लागते तशी हाताला लागली. मी ती बोटांनी खरवडून काढली, कुस्करली आणि खालच्या पाइपात जाऊ दिली. पाणी उतरायला लागलं. पुरावा म्हणावा असं काही उरलं नाही.

मॅनेजरबाईंनी विचारलं, "काल जाळ्या घासल्या होत्या?"

"घासल्या असणार," म्हातारा म्हणाला. "रोज घासतो."

"आठवतंय का?"

तो विचार करत राहिला. चेहऱ्यावर रोजच्या त्या हसण्याचा मागमूस नव्हता. मग माझ्याकडे वळला. "लॅड, तू होतास ना इथे? मी घासली का ही?"

मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं."

एवढंच बोललो. का बोललो ते मी पुष्कळ वेळा स्वतःला सांगून पाहिलंय. खरं बोललो असतो तर ते घरी पोचलं असतं, आणि नवऱ्याच्या जिवासाठी ज्यांना खाऊ घातलं तेच रात्रीत मेले हे आईला कळलं असतं. तिने त्याचा एकच अर्थ लावला असता. हे खरं आहे. पण नोकरी जाईल याचीही भीती होती, तीही खरी. आणि आईचा जीव वाचवायला दुसऱ्या म्हाताऱ्याचा चालेल, असं मी त्या क्षणी ठरवलं होतं.

त्याला कुणी काढलं नाही. मॅनेजरबाई म्हणाल्या, कुणाच्याही हातून होतं. पण त्याने स्वतःच किल्ली टेबलावर ठेवली. "मागच्या महिन्यात गॅसही चालू राहिला होता," मला म्हणाला. "मुलगी सांगतच होती, मीच ऐकत नव्हतो. सॉरी, लॅड, तुमची पिल्लं गेली." मला सॉरी म्हणाला तो. पुढे मेमरी क्लिनिकला गेला, गाडी विकली, आणि मग मुलीच्या गावाजवळच्या केअर होममध्ये गेला. त्याला खरंच काही झालं होतं की नव्हतं, मला माहीत नाही. तेव्हा नव्हतं, निदान त्या संध्याकाळी तरी नव्हतं.

बाबांनी त्याच आठवड्यात डोळे उघडले. व्हीलचेअरवर बसून पुण्याला परत गेले, वर आणखी काही वर्षं जगले. आई सगळ्या नातेवाइकांना सांगायची, परदेशातल्या माशांनी ऐकलं म्हणून. मी समोर असलो की मलाच साक्षीला घ्यायची. "विचारा ह्याला, कसे तुटून पडले होते." मी मान हलवायचो. दोघंही आता नाहीत. आई मागच्या वर्षी गेली, म्हणजे गप्प बसायचं कारणही तिच्याबरोबर गेलं. तरी वर्ष काढलंच मी.

केअर होम घरापासून गाडीने तासाभरावर आहे. एकदा पार्किंगपर्यंत जाऊन परत आलो. परवा मॅनेजरबाई भेटल्या, म्हणाल्या, हल्ली तो कधी ओळखतो, कधी नाही. म्हणजे मी सांगेन तेव्हा त्याला कळेलच असं नाही, आणि कळलं तरी संध्याकाळपर्यंत राहीलच असं नाही. तो विसरेल, आणि मला पुन्हा जाऊन सांगावं लागेल.

त्याने मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मी त्याला अजून देणं लागतो: हो, तू जाळी घासली होतीस, मी पाहिलं होतं.