नऊ खणांची पेटी

सुनंदाचा फोन आला तेव्हा मधली सुट्टी होती आणि मी स्टाफरूममध्ये नुकताच डबा उघडला होता. "मावशी, आई गेली," ती म्हणाली. सकाळी चहा झाला, पेपर वाचून झाला, जरा पाठ टेकते म्हणून आतल्या खोलीत गेली, आणि मग... हाक मारली तर ओ आलीच नाही. मी नुसती "हो, हो" करत राहिले. मुख्याध्यापकांना सांगून तशीच बसस्टँड गाठलं, पण एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायला आली होती आणि सगळं आटोपलं होतं. आमच्याकडचं एप्रिलचं ऊन कुणासाठी थांबू देत नाही. अक्काचा चेहरा मला शेवटचा दिसला नाही. बायकांमध्ये जाऊन बसले, पाणी प्यायले, सुनंदाच्या पाठीवरून हात फिरवला आणि मिळाली त्या बसने परत आले.

विमलअक्का जळगावात माझी भिंतीला भिंत लागून शेजारीण. नात्याची म्हणाल तर कुणीच नाही. तिचं माहेर धुळ्याकडचं, सासर धरणगावचं. तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊ, इथे एका डाळमिलमध्ये फिटर होते. अक्काचं शिक्षण सातवीपर्यंत, पण चौकसपणात तिने मला कधीच मागे टाकलं होतं. "असं कसं व्हस?" हा तिचा ठरलेला प्रश्न. बाहेरच्यांशी ती छान पुस्तकी मराठी बोलायची, माझ्याशी मात्र अहिराणी, आणि प्रश्न पडला की हटकून अहिराणी. कुकरची शिट्टी आधी हळू आणि मग जोरात का होते, दही लागताना दुधाला कळतं कसं, इस्त्री तापली की दिवा आपोआप का विझतो. एकदा तर भाऊंचे पाने घेऊन तिने ती इस्त्री खोलली. जोडली तेव्हा एक स्क्रू उरला. इस्त्री चालू झाली, पण तो स्क्रू कितीतरी दिवस देवघरात कुंकवाच्या करंड्याशेजारी होता, कुठला ते कधीतरी कळेल म्हणून. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे तिचे सगळे प्रश्न माझ्या दारात येऊन पडत. निम्म्यांची उत्तरं मला येत नसत, पण बाईंना येत नाही असं म्हणायची सवय नसते, तेव्हा मी काहीतरी ठोकून द्यायची. तिला ते बरोबर कळायचं.

भाऊ गेले त्याच वर्षी हिवाळ्यात माझ्या मुलीचं डोहाळजेवण होतं. अक्का पहाटेपासून आमच्या स्वयंपाकघरात. पुरणाचे मांडे हातावर फिरवून मोठे करत खापरावर टाकणं हे काम गल्लीत तिच्याइतकं कुणाला जमायचं नाही, आणि त्या दिवशी तिने किती मांडे केले ते तिलाच ठाऊक. जेवणं झाली, बायका निघाल्या. मी ताटात हळदकुंकू आणि खण घेऊन दारात उभी. आलेल्या बाईला कुंकू लावायचं, हातात खण ठेवायचा, पुढची. हात आपसूक चालला होता. रांगेत अक्का आली आणि माझा हात तिच्यावरून पुढे गेला. तिच्या मागच्या बाईला मी कुंकू लावलं, खण दिला. मी काही ठरवून केलं नाही, आणि तेच जास्त वाईट आहे. वर्गात अंधश्रद्धेवर तास घेणारी मी, आणि माझा हात कुणा जुन्या काळच्या सासूबाईंसारखा वागला. अक्का बाजूला सरकली, पदर नीट केला आणि विचारलं, "मांडा बरा व्हयनात ना?" मी म्हटलं, छान झाले. तेवढंच बोलणं झालं. मला लाज वाटली ती रात्री ताटात उरलेले खण मोजून ठेवताना. उद्या सकाळी जाऊन देऊ, असं म्हटलं. पण काय म्हणून देणार? काल राहून गेलं म्हणून? तो उद्या काही उजाडला नाही.

आठ-दहा दिवसांनी तीच माझ्याकडे आली. "शैला, मनासंगे चाल." कुठे, तर सलीमभाईंकडे. सलीमभाई आमच्या भागातले जुने सुतार, रस्त्याकडेला पत्र्याचं दुकान, आत सागाच्या भुशाचा वास. अक्का म्हणाली, खण ठेवायला एक लहानशी पेटी हवी. सलीमभाईंनी कानामागची पेन्सिल काढली. "किती खण?" अक्काने मनाशी हिशोब केला. लग्नापासून साठलेले, भाऊ असेपर्यंत कुणाकुणाकडून मिळालेले. "असतील सत्तर-ऐंशी." सलीमभाईंनी पेन्सिल पुन्हा कानामागे ठेवली. "अक्का, ऐंशी खण लहानशा पेटीत कसे बसतील? एकेक खण काडेपेटीएवढा करावा लागेल. त्यात ठेवणार काय, मोहरी?" अक्का म्हणाली, "ठेवणार काय म्हणजे? खणच ठेवणार." "खणात काय ठेवणार ते विचारतोय." "अरे, खण!" असं बराच वेळ चाललं. शेवटी मीच हसत हसत सांगितलं की अक्काचे खण म्हणजे ब्लाऊजपीस आणि सलीमभाईंचे खण म्हणजे कप्पे, ओढायचे ड्रॉवर. सलीमभाई मान हलवत म्हणाले, "आमच्या घरात ब्लाऊजपीस म्हणतात, मला काय ठाऊक. मग साधी झाकणाची पेटी देतो करून, सोपं काम आहे."

अक्का मात्र हसता हसता थांबली होती. दुकानात दुरुस्तीला आलेलं एक टेबल होतं, त्याचा ड्रॉवर तिने ओढला, बंद केला, पुन्हा ओढला. "नको," ती म्हणाली. "खणांचीच कर. खणात एकेक खण." आणि थोड्या वेळाने, "करू नको, मला शिकव."

त्यावर सलीमभाई काय बोलले असतील ते वेगळं सांगायला नको. साठी उलटलेली बाई करवत धरणार, लोक मला काय म्हणतील, बोट गेलं तर. अक्काने सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाचं आवरून दुकानात जाऊन बसली. पहिले पंधरा दिवस त्यांनी तिला फक्त रंधा मारायला दिला, कंटाळून जाईल म्हणून. ती कंटाळण्याऐवजी रंध्यातून निघणाऱ्या सालपटांचा वास घेत बसायची आणि घरी येऊन मला विचारायची, की एका बाजूने लाकूड लोण्यासारखं सुटतं आणि उलट्या बाजूने फाटतं, असं कसं व्हस? मी पुस्तकात बघून सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे मांजराच्या पाठीवरून हात फिरवण्यासारखंच की.

पेटी ठरली दीड फूट उंच, तीन ओळी, ओळीत तीन खण. माप घेण्याची तिची रीत अशी, की दुकानातल्यासारखी घडी घातलेला खण लाकडावर ठेवायचा, चारी बाजूंनी बोटभर जागा सोडायची आणि रेघ मारायची. लाकूड सलीमभाईंच्या ढिगातले सागाचे तुकडे. नक्षी काय करायची यावर दोघांचे खटके उडाले. सलीमभाई म्हणत वेल काढा, मोर काढा. हिने काढली कपाशी. धरणगावला सासरी कपाशीत वावरलेली बाई. पहिल्या खणावर रोपाची दोन पानं, दुसऱ्यावर पाती, म्हणजे कळी, मग फूल, मग बोंड लहान, बोंड मोठं, तडकलेलं, असं करत नवव्यावर पूर्ण फुटलेला कापूस. पटाशीने कोरायला तिला महिने लागले. मधलं मोठं बोंड बघून सलीमभाई म्हणाले, "हे भरताचं वांगं का काढलं?" ती दोन दिवस रुसली होती, आणि मग तिने त्या बोंडाला पुन्हा हात लावला. तरी ते वांग्यासारखंच दिसायचं, खोटं कशाला सांगू.

सगळे खण मे महिन्यात बसवले. इतके नेटके, की ओढला की फुस्स अशी हवा सुटायची. गल्लीभर दाखवून झाले. जूनमध्ये दोन पाऊस पडले आणि नऊच्या नऊ खण अडकून बसले. एकही हलेना. अक्का पेटी उराशी धरून रिक्षाने दुकानात. सलीमभाई शांतपणे म्हणाले, "उन्हात सुकलेल्या लाकडाला जागा ठेवायची असते. पावसाळ्यात त्याचं पोट सुटतं." मग आधी का नाही सांगितलं, असं तिने विचारलं, तर म्हणे, "सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, असं कसं." सबंध पावसाळा ती एकेक खण काढून घासत होती. कडांना मेणबत्ती फिरवून एक दिवस नववा खण सरकला तेव्हा तिने मला भिंतीवर थाप मारून बोलावलं.

हे सगळं ती कशासाठी करते आहे हे मला नवरात्रात कळलं. पेटी बाहेरच्या खोलीत, दारातून येणाऱ्याला आधी दिसेल अशी ठेवली होती. विधवा बाईच्या हातून खण घ्यायला आमच्याकडच्या बायका तयार होतील असं नव्हतं, आणि तिला ते माहीत होतं. म्हणून ती कुणाच्या हातात काही देतच नव्हती. कुणी प्रसादाला, कुणी विरजणाला आलं की पेटीकडे बघायचंच. हे कपाशीचं का? तूच केलंस का गं? अक्का म्हणायची, "उघाडी दख." आता बंद खण दिसल्यावर तो ओढून न बघणारी बाई मला तरी माहीत नाही. ओढला की आत घडी घातलेला खण. "तो तुनाच शे," अक्का म्हणायची आणि आत चहा टाकायला निघून जायची. घ्यायचा की ठेवायचा ते त्या बाईवर. अक्का चहा घेऊन परत यायची तेव्हा तिची नजर आधी पेटीकडे जायची. काही बायका खण ठेवून जात. एका आजीबाईंनी तर हात लावून पदराला पुसला. पण घेणाऱ्या वाढत गेल्या, दिवाळीपर्यंत पेटी तिने तीन-चारदा भरली. लग्नापासूनचे ऐंशी खण पुढच्या सणांत असेच एकेक करून गेले. मीही एक काढला, फुलाच्या खणातला, जांभळा. त्या दिवशी दारात झालं त्यावरून तुला हे सुचलं का अक्का, हा प्रश्न ओठावर आला होता. जगातलं सगळं विचारणारी ती, आणि मी तिला तो एक प्रश्न कधी विचारू शकले नाही. आणि तिला कुणी खण दिला नव्हता तो नव्हताच. मीही नाही.

गुडघे दुखायला लागले तेव्हा सुनंदाने तिला धुळ्याला नेलं. पेटी सोबत गेली. मागच्या दिवाळीनंतर मी तिकडे एका लग्नाला गेले होते, जाता जाता अक्काकडे डोकावले. पर्समध्ये लग्नात मिळालेला खण होता, हिरवा. खण कसला, घरोघर फिरणारा ब्लाऊजपीस. ऐंशी सेंटिमीटरचा, कुणी कधी शिवत नाही असा, इकडून मिळालेला तिकडे द्यायचा. ती काठी टेकत चहा टाकायला आत गेली. सुनंदा घरात नव्हती. मी उठले, कुंकवाची पुडी शोधली तर नव्हती, आणि समोर उभं राहून तिच्या हातात खण द्यायचा धीर त्या दिवशीही झाला नाही. कापसाचा तो शेवटचा खण ओढला, आत ठेवला, बंद केला. चोरासारखी येऊन बसले. चहा पिताना ती बोलली ते बॉलपेनची शाई वर का चढत नाही यावर. निघताना मी म्हटलं, "अक्का, पेटी उघडतेस का कधी?" ती म्हणाली, "उघाडी दखसु." बस्स. पुढे फोनवरही विषय निघाला नाही. तिने बघितलं की नाही, बघून राग आला की काय... हिवाळाभर माझ्या डोक्यात तेच.

पंधरा दिवसांपूर्वी, दोन पाऊस पडून गेल्यावर, पुन्हा धुळ्याला जाऊन आले. त्याआधी सलीमभाईंना भेटले होते. बातमी त्यांना कळली होती. त्यांनी हातातला गुण्या, काटकोन बघायचा तो, पुसून ठेवला आणि म्हणाले, "पावसाळ्यात अजून अडकते का, तेवढं बघून या." सुनंदाच्या घरी पेटी अक्काच्या खोलीत खिडकीखाली होती, वर तिचा चष्मा आणि त्या दिवशीचा पेपर. सुनंदा चहा घेऊन आली तेव्हा मी खाली बसून शेवटचा खण ओढला होता. तो अगदी सहज आला. आत काही नव्हतं.

"यात एक हिरवा खण होता," मी म्हटलं.

"तो तुमचा होता का?" सुनंदा म्हणाली. "मला सांगेचना आई. म्हणे, माझ्यासाठी आलाय, तुला काय करायचं. लगेच शिवायला टाकला. शिंपीण म्हणत होती, कापड पुरत नाही मावशी, दुसरं आणा. हिने ऐकलं नाही. माझ्या एका जुन्या साडीतून बाह्या काढायला लावल्या." तिने कप माझ्याकडे सरकवला. "गेली त्या दिवशी सकाळी आंघोळ करून तोच घातला होता. मग तसंच नेलं."

मी विचारलं, बाह्या कुठल्या रंगाच्या होत्या.

"पिवळ्या," सुनंदा म्हणाली.